गडग्यावरची बोर्ड मीटिंग

काकूंच्या भाच्याच्या कंपनीचा मोठा साहेब सोडून चालला, ही बातमी पुण्यात दुपारी फुटली आणि संध्याकाळी वालाच्या शेंगा निवडून व्हायच्या आत म्हसळ्यात आमच्या गडग्यावर येऊन टेकली. कंपनी व्हिडिओ गेम बनवते. भाचा तिथे टेस्टर आहे. म्हणजे दिवसभर खेळ खेळायचा, तो कुठे अडकतो, कुठे बिघडतो ते शोधायचं आणि लिहून द्यायचं. याचा पगार मिळतो हे काकूंना अजून खरं वाटत नाही. मुलीकडच्यांना त्या "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगतात आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा आणायला उठतात.

"अगो, साहेब गेला तर याची नोकरी राहते ना गो?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "आता नवा कोण?" आणि मी तोंड उघडायच्या आत तिसरा, "मालकाचा मुलगाच बसेल ना?"

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. पण बिझनेसच्या मासिकांना चार पानं लागतात तिथे त्या तीन प्रश्नांत पोचतात.

आमचा गडगा जांभ्याचा, कंबरेएवढा. अलीकडे मी, पलीकडे काकू, आणि कोपऱ्यात जिथे चिरे ढासळलेत तिथे चाचांचं परसू येऊन मिळतं. चाचांचं अर्धं आयुष्य कुवेतला गेलं, एका ठेकेदार कंपनीच्या स्टोअरमध्ये. त्यामुळे साहेब येण्याजाण्याच्या विषयात त्यांचा शब्द आम्ही मानतो. मला या गोष्टी कळतात त्या आमच्या ह्यांच्यामुळे. ह्यांना शेअरबाजाराचा नाद आहे. नादाचं फळ काय ते विचारू नये, पण माहिती भरपूर मिळते.

"मालकाच्या मुलाचं म्हणाल," मी सुरुवात केली, "तर मुंबईतच झालंय तसं. नझारा टेक्नॉलॉजीज."

"नजारा? हे काय, सिनेमाचं थेटर?"

गेमची कंपनी, मी सांगितलं. नितीश मित्तरसेन नावाच्या मुलाने साधारण १९९९-२००० च्या सुमाराला काढली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. इंटरनेटचा पहिला फुगा फुटला तेव्हा हाही आपटला. मग मोबाइल आले, त्यांच्यावरचे खेळ आले, छोटा भीमचे खेळ आले. वडील विकास मित्तरसेन अध्यक्ष. पण २०१५ मध्ये त्यांनी सीईओ म्हणून बाहेरचा माणूस आणला, मनीष अग्रवाल. आधी रिलायन्सच्या गेमच्या धंद्यात असलेला. त्याच्याच काळात कंपनी मार्च २०२१ मध्ये शेअरबाजारात उतरली. ११०१ रुपयांचा शेअर, आणि अर्ज किती, तर १७५ पट. पहिल्या दिवशी भाव दुपटीच्या जवळ जाऊन उघडला.

"भाऊजींना मिळाला का?"

"१७५ पटीत कुणाला मिळतो, काकू? पण गंमत ऐका. त्या ५८३ कोटींतला एक रुपयाही कंपनीच्या तिजोरीत गेला नाही. जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले, एवढंच. लोकांना वाटलं कंपनीला पैसे मिळाले."

"आणि तो बाहेरचा?"

"डिसेंबर २०२२ मध्ये सोडून गेला. स्वतःचं काहीतरी काढायचं म्हणून. आणि खुर्चीत बसला नितीश."

काकूंनी शेंगेचा देठ असा खुडला जणू निकाल लागला. "म्हणजे बाहेरच्याने सात वर्षं राबायचं आणि खुर्ची फिरून घरात."

इथे मला मित्तरसेनांची बाजू घ्यावी लागली, कुणीतरी घ्यायलाच हवी. कोणी कोणाला ढकललं नव्हतं, आणि ज्याने एकोणिसाव्या वर्षी दुकान उघडलं त्याला ते परकं कसं म्हणायचं? शिवाय नितीश काही इतकी वर्षं घरी बसलेला नव्हता, जॉइंट एमडी होता. पण काकूंचा मुद्दा तेवढ्याने पडत नाही. अध्यक्ष बाप, सीईओ लेक. अशा घरात बाहेरचा सीईओ कितीही मोठा झाला तरी जेवायच्या टेबलावर काय ठरलं ते त्याला सकाळी ऑफिसात कळतं.

"पण लिस्टेड कंपनीत असं मनाला येईल तसं नाय बसवता येत," चाचा कोपऱ्यातून म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "काहीतरी कमिटी असते."

असते की. ह्यांनी एकदा मला रात्री अकरा वाजता ती समजावून सांगितली होती, मला झोप येत होती तरी. नेमणूक आणि पगार ठरवणारी समिती, नॉमिनेशन अँड रेम्युनरेशन कमिटी. त्यात बहुसंख्य माणसं स्वतंत्र संचालक असावी लागतात, म्हणजे कंपनीशी पैशापाण्याचं नातं नसलेली. ती नाव सुचवते, संचालक मंडळ ठराव करतं, व्यवस्थापकीय संचालक असेल तर भागधारकांची मंजुरी लागते आणि एका वेळी पाच वर्षांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने २०२३ पासून आणखी एक दट्ट्या लावलाय. सीईओची खुर्ची रिकामी झाली तर साधारणपणे तीन महिन्यांत भरायची, तात्पुरता माणूस बसवून वर्षभर ढकलायचं नाही.

"आणि हे स्वतंत्र संचालक नेमतं कोण?" काकू.

"संचालक मंडळच. भागधारकांच्या मंजुरीने."

"आणि सगळ्यात जास्त शेअर कुणाचे?"

मी गप्प बसले. चाचा हसले. काकू म्हणाल्या, "म्हणजे आपली गावकी. अध्यक्ष निवडायला सगळा गाव देवळात बसतो, हात वर करतो, इतिवृत्त लिहितो. नाव मात्र आदल्या रात्री मुंबई मंडळाच्या फोनवर आलेलं असतं."

हे ऐकून मुंबई मंडळवाल्यांना, म्हणजे आमच्या गावच्या मुंबईकरांना, राग येईल. येऊ दे. वर्गणी त्यांची, देवळाचा पत्रा त्यांचा, शाळेची भिंत त्यांची, मग अध्यक्षही त्यांच्या मर्जीचा. यात लबाडी आहे असंही नाही. ज्याचा पैसा अडकलाय त्याला आपला माणूस हवासा वाटतो. गोची होते ती तो अध्यक्ष चुकायला लागल्यावर. नेमणारे मुंबईत असोत की शेजारच्या केबिनमध्ये, त्यांना "तुमचा माणूस चुकतोय" असं सांगायचं कुणी? मला विचाराल तर सीईओच्या निवडीत नाव कोणाचं निघालं याला जेवढी शाई खर्च होते तेवढी त्याला परत उठवणार कोण, यावर व्हायला हवी. ती होत नाही, कारण त्या प्रश्नाला फोटो नसतो.

चाचांना मात्र एकदम जंजिरा आठवला. आमचा म्हसळा १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात, त्यामुळे नवाबाचा विषय निघाला की चाचा ताठ होतात. "आपल्याकडे ही पद्धत फार जुनी," म्हणाले. "सिद्दींच्यात सुरुवातीला बापामागे मुलगा असं नव्हतंच. किल्ल्याचा प्रमुख मेला की त्याच्या जागी आरमारातला पहिला अधिकारी बसायचा. ज्याने गलबतं चालवली तो. पोरगा असला तर असला."

"खोटं सांगताय."

"जुन्या गॅझेटियरात छापलंय, वहिनी. आणि सिद्दी फत्तेखानाची गोष्ट तर तुम्ही शाळेत शिकलायत. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला वेढा घालून त्याला टेकीला आणला. तो किल्ला द्यायला निघाला. तेव्हा त्याच्याच तीन सरदारांनी, संबूळ, कासीम आणि खैर्यत, त्याला कैद केलं आणि कारभार वाटून घेतला. एकाने आरमार घेतलं, एकाने जंजिरा, एकाने दंडा राजपुरी."

"म्हणजे बोर्डाने सीईओला कोठडीत टाकला!"

"हो. १६७०-७१ ची गोष्ट. तेव्हा सेबी नव्हती."

यावर काकूंनी श्रीवर्धन काढलं. त्यांचं माहेर श्रीवर्धनचं, त्यामुळे पेशवे हे त्यांच्या दृष्टीने शेजारच्या आळीतले लोक. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे देशमुख, तिथून निघून साताऱ्याला शाहू महाराजांकडे गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. १७२० मध्ये ते वारले. तेव्हा त्यांच्या मुलाला, बाजीरावाला, विसावंही सरलं नव्हतं. दरबारातल्या जुन्या जाणत्यांचा विरोध होता, पोरवयाच्या माणसाच्या हाती एवढा कारभार नको म्हणून. शाहू महाराजांनी त्यालाच वस्त्रं दिली.

"आणि तो घरचाच मुलगा होता," काकू विजयाने म्हणाल्या. "म्हणून घरचा वाईट असतो असं काही नाही."

"पण पेशवाई देणारे शाहू महाराज भटांच्या घरातले नव्हते," मी म्हटलं. "बापाने मुलाला नाही दिली. मालकाने नोकराचा मुलगा पारखून घेतला. पुढे मात्र पेशवाई भटांच्या घरातच मुरली आणि छत्रपतींना विचारणं नावापुरतं उरलं. मग घरात भाऊबंदकी शिरली आणि शनिवारवाड्यात काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको."

काकूंनी मान हलवली आणि एक किडकी शेंग चाचांच्या कोंबड्यांकडे फेकली. "एकोणीस वर्षांचा पेशवा, एकोणीस वर्षांचा तो नजारावाला. आमचा चोवीसचा झाला, अजून अंथरुणाची घडी घालत नाही."

तो अंथरुणाची घडी न घालणारा शनिवारी आला. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, तिथून घोणसे घाटाने एसटी, आणि उतरल्या उतरल्या पहिला प्रश्न, पोपटी, म्हणजे मडक्यात भाजायच्या वालाच्या शेंगा, कधी लावायची. भांबुर्डीचा पाला आणायला त्यालाच पिटाळलं. तो आला तेव्हा गडग्यावर आमचं पूर्ण मंडळ बसलेलं. त्याला मधोमध उभं करून काकूंनी विचारलं, "तुमचा नवा साहेब खेळ खेळणारा पाहिजे की पैसे मोजणारा?"

"आत्या, हाच तर वाद चालू आहे ऑफिसात."

मग त्याने निन्टेन्डोची गोष्ट सांगितली. मारिओवाले. ती त्याने सांगावी आणि आम्ही ऐकावी, इतकी ती आमच्या गडग्याच्या लायकीची आहे. क्योटोमध्ये १८८९ साली निघालेलं पत्त्यांचं दुकान. हानाफुदा म्हणतात, पानांवर फुलं छापलेली.

"म्हणजे शेवटी पत्तेवालेच!" काकूंना बरं वाटलं.

घराणं यामाउची. १९४९ मध्ये आजोबा आजारी पडले तेव्हा नातू हिरोशी कॉलेज सोडून गादीवर बसला, विशीतलाच. त्याने म्हणे आजोबांना अट घातली की माझ्याशिवाय घरातला दुसरा कोणी कंपनीत नको, आणि आधीपासून काम करणारा चुलतभाऊ बाहेर गेला. त्रेपन्न वर्षं त्याने कंपनी चालवली. मध्ये टॅक्सी चालवून बघितल्या, झटपट भात विकून बघितला, सगळं बुडालं. मग व्हिडिओ गेममध्ये शिरला आणि जगावर राज्य केलं. आणि हा माणूस स्वतः व्हिडिओ गेम खेळत नसे. त्याचा खेळ गो, तो काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा.

"बघ!" काकू. "न खेळता चालवली."

"पण पुढचं ऐक ना. २००२ मध्ये त्याला उतरायचं होतं. जावई होता. मिनोरू अराकावा. अमेरिकेची शाखा त्यानेच १९८० पासून उभी केलेली. वीसेक वर्षं सांभाळली. सगळ्यांना वाटायचं की..."

"जावयाला दिली."

"नाही दिली. जावई त्या वर्षीच्या जानेवारीत कंपनीतून बाहेर पडला. आणि मे महिन्यात खुर्ची दिली सातोरू इवाताला. घराण्याबाहेरचा पहिला माणूस. प्रोग्रॅमर. येऊन दोन वर्षं झालेली."

गडग्यावर शांतता पसरली. जावयाला डावलणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नाही. चाचांनी टोपी काढून डोकं खाजवलं. काकूंना पहिला विचार आला तो त्या मुलीचा. "लेकीला काय वाटलं असेल गो?" मग दुसरा विचार आला आणि तोच कामाचा निघाला. "दोन वर्षांत ओळख पटते का माणसाची? आधीची काहीतरी असणार."

होती. भाच्याचे डोळे चमकले, कारण त्याला हेच सांगायचं होतं. इवाता हॅल लॅबोरेटरी नावाच्या छोट्या कंपनीत होता, जी निन्टेन्डोसाठी खेळ बनवायची. नव्वदच्या सुरुवातीला ती कंपनी बुडाली. दीड अब्ज येनचं कर्ज. यामाउचीने मदत करायचं कबूल केलं, पण अट एकच, इवाताला अध्यक्ष करा. १९९३ मध्ये हा तिशीतला प्रोग्रॅमर त्या बुडत्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि काही वर्षांत कर्ज फेडून मोकळा झाला. म्हणजे २००२ ची निवड २००२ मध्ये झालीच नव्हती. म्हाताऱ्याने नऊ वर्षं आधी त्याला पाण्यात ढकलून पोहतो का ते बघितलं होतं.

मला हा भाग फार आवडला. आपल्याकडे मोठ्या खुर्चीसाठी माणूस शोधायला निघतात तेव्हा हेडहंटर लावतात, त्याला गलेलठ्ठ फी देतात, तो परदेशातून चार चकचकीत नावं आणतो, प्रत्येकाच्या नावापुढे मोठमोठ्या कंपन्या. पण त्या कंपन्या त्याच्याशिवायही चालल्या असत्या का, हे त्या कागदावर लिहिलेलं नसतं. यामाउचीने ज्याला निवडलं त्याच्या नावापुढे एक बुडालेली कंपनी होती, तरलेली.

"आणि मग पुढे?" चाचा.

पुढे डीएस आणि वी ही खेळायची यंत्रं आली, पैशाचा पाऊस पडला. मग थ्रीडीएस आपटलं. २०११ मध्ये त्याची किंमत घाईने उतरवावी लागली, तेव्हा इवाताने स्वतःचा पगार निम्मा केला. २०१४ मध्ये वी यू नावाचं यंत्र खपेना, तेव्हा परत निम्मा, पाच महिने. बाकीच्या संचालकांनीही वीस ते तीस टक्के सोडले. भागधारक विचारत होते, माणसं का कमी करत नाही? त्याचं म्हणणं असं की नोकरी जाईल या भीतीत बसलेला माणूस लोकांना हसवणारा खेळ बनवू शकत नाही. २०१५ मध्ये तो वारला, पंचावन्नाव्या वर्षी. त्याच्यानंतर बसला किमिशिमा, बँकेतून आलेला. आणि २०१८ पासून फुरुकावा, ज्याची सुरुवात हिशेबाच्या खात्यातली.

"आणि त्या बँकवाल्याने बुडवली?" मी आशेने विचारलं. गोष्टीचा साचा तसाच असतो ना.

"नाही मावशी. त्याच्याच वेळी २०१७ मध्ये स्विच आलं आणि तुफान खपलं. पण ते काम सुरू केलेलं इवाताने."

म्हणजे खेळणारा की मोजणारा हा वाद तिथेच लोळला. न खेळणाऱ्याने त्रेपन्न वर्षं चालवली, खेळणाऱ्याने तेरा, आणि मोजणाऱ्यांच्या हातीही ती पडली नाही. काकूंना हे आवडलं नाही. त्यांना स्पष्ट निकाल लागतो.

भाच्याने मग पुण्याचं एक दुखणं काढलं. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे. २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं की 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा गाजलेला जुना खेळ नव्याने बनवतोय, आणि काम करणार पुणे आणि मुंबई. इकडच्या पोरांची छाती फुगली. पहिली झलक आली आणि जगभरच्या लोकांनी चित्रांना नावं ठेवली. तारीख पुढे गेली, परत गेली, आणि २०२२ मध्ये काम उचलून मॉन्ट्रियलला दिलं. "चूक आमच्या लोकांची असेलही," भाचा म्हणाला, "पण एवढं मोठं काम, इतका कमी वेळ, हे ठरवणारा पुण्यात नव्हता ना बसलेला."

"त्यांचा साहेब कोण?"

"इव्ह गिमो. पाच भावांनी १९८६ मध्ये काढलेली कंपनी. तेव्हापासून घरातच आहे. आता त्यांनी चिनी टेन्सेन्टचे पैसे घेऊन एक नवी उपकंपनी काढली, आपले सगळ्यात गाजलेले खेळ तिच्यात घातले. आणि तिचे दोन प्रमुख नेमले २०२५ मध्ये, त्यातला एक..."

"मुलगा!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

"मुलगा. शार्ली."

काकूंनी समाधानाने पदर सावरला. पॅरिस काय आणि पाष्टी काय, माणूस इथूनतिथून सारखाच, असा त्यांचा चेहरा. चाचांनी त्यात भर घातली की अमेरिकेची एवढी मोठी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, ती ५५ अब्ज डॉलरला घ्यायचं सौदीच्या सरकारी फंडाने आणि त्याच्या भागीदारांनी २०२५ च्या सप्टेंबरात जाहीर केलं. त्यांच्या पुतण्याने रियाधहून कळवलेलं. तिथला सीईओ अँड्र्यू विल्सन. २०१३ मध्ये आधीचा गेला, सहा महिने खुर्ची तशीच, सगळीकडे शोध, आणि शेवटी सापडला तो घरातलाच. घरातला म्हणजे नात्यातला नव्हे. फुटबॉलचा फिफा खेळ सांभाळणारा, २००० पासून कंपनीत असलेला. "मालक बदलले तरी तोच राहणार, असं तेव्हाच सांगितलंय," चाचा म्हणाले. "मालक बदलला की आम्ही स्टोअरमध्ये आधी कुलूप बदलायचो."

एवढं झाल्यावर मला वाटलं आता पोपटीचं बघावं. पण काकूंच्या मनात अजून एक काटा होता. "हे सगळं ठीक, पण रमीचं काय? रमीने घरं बुडाली म्हणून सरकारने बंद केली ना? मग याची कंपनीपण बंद होईल."

ही भीती नुसत्या काकूंची नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने दोन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. पैसे न लावता खेळायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांना उलट उत्तेजन. मुंबईची ड्रीम इलेव्हन, जिचं नाव भारताच्या क्रिकेटपटूंच्या छातीवर होतं, ती त्या सदऱ्यावरून गेली आणि आशिया चषकाला आपली पोरं कोऱ्या छातीने उतरली. कायद्याच्या महिनाभर आधी आपले तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी उघडून बसलेत असा व्हिडिओ फिरला होता. ते म्हणाले, खेळत नव्हतो, आपोआप उघडलेलं बंद करत होतो. काही दिवसांत त्यांचं खातं बदललं.

"कुठलं दिलं?" काकूंना माहीत होतं, पण परत ऐकायचं होतं.

"क्रीडा."

काकू इतक्या हसल्या की सुपातल्या शेंगा सांडल्या.

आणि नझारा? नितीशने सीईओ झाल्यावर २०२४ मध्ये पोकरबाझी चालवणाऱ्या कंपनीत जवळजवळ निम्मा वाटा घेतला होता, हजार कोटींच्या घरात. कायदा आला आणि पोकर थांबला. हिशेबात नऊशे कोटींहून जास्त रक्कम त्यांना बुडीत म्हणून मांडावी लागली. ह्यांनी त्या रात्री जेवताना भाताला हात लावला नाही. आता इथे नुसत्या सीईओला बोल लावणं सोपं आहे, पण तो वाटा घ्यायचा निर्णय पूर्ण मंडळासमोर गेला असणार, त्यावर सह्या झाल्या असणार. घरच्या माणसाने मांडलेल्या मोठ्या खरेदीला त्या टेबलावर किती जोरात प्रश्न विचारले गेले असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही. बाहेरच्या सीईओने तीच खरेदी मांडली असती तर? कदाचित तेच झालं असतं. कायदा दोन दिवसांत येईल हे जोतिषालाही कळलं नसतं. पण जो आपल्याला उठवू शकतो अशा माणसांसमोर बसून माणूस जरा सावकाश बोलतो, एवढं मला गावकीच्या बैठका बघून कळलंय.

"आमची कंपनी पैसे लावायच्या खेळांत नाही, आत्या," भाच्याने धीर दिला. "आम्ही परदेशातल्या लोकांसाठी कोडी आणि शर्यती बनवतो."

"मग तुमच्याकडे कोण कोण रांगेत आहे?"

ऑफिसच्या कँटीनच्या हिशेबाने तिघं. एक जाहिरातवाला, साबणाच्या कंपनीतून आलेला, बोलतो फार छान. एक मालकाची मुलगी, अमेरिकेत शिकलेली, जिच्याबद्दल सगळे दबल्या आवाजात बोलतात म्हणून नक्की कशी ते कुणालाच ठाऊक नाही. आणि एक बाई, स्टुडिओच्या प्रमुख, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी अर्धवट बोंबललेला खेळ हातात घेऊन सहा महिन्यांत बाजारात आणला. त्या रात्री टेस्टरांबरोबर बसून वडापाव खायच्या.

"बाई," चाचा म्हणाले. "आरमारातली पहिली अधिकारी."

"मुलगी," मी म्हटलं, मुद्दाम. काकूंना चिथवायला.

काकूंनी दोघांनाही उडवून लावलं. त्यांना जाहिरातवाला चालणार नव्हता, कारण साबण घसरतो. मुलीबद्दल त्यांना राग नव्हता, उलट काळजीच वाटत होती की बापाच्या सावलीत पोरीला कोणी खरं सांगायचं नाही. बाईंबद्दल एकच शंका, सहा महिन्यांत खेळ बाहेर काढला तो पोरांना किती रात्री जागवून?

भाचा घुटमळला. "बऱ्याच, आत्या. पण त्या स्वतःपण असायच्या."

"असायच्या म्हणजे? पोरांना ओव्हरटाइम मिळाला?"

"आपल्या लाइनीत ओव्हरटाइम नसतो."

"मग असं कर. सोमवारी गेलास की तुमच्या त्या कमिटीला एक चिठ्ठी लिही. तिघांनाही एकच प्रश्न विचारा म्हणावं, धंदा आपटला तर पहिला पगार कुणाचा कापाल? त्या जपान्यासारखा स्वतःचा, का पोरांचा?"

"लिहू?" भाचा आमच्याकडे बघून म्हणाला. "हा प्रश्न पाठवला ना आत्या, तर साहेब ठरायच्या आधी पहिला पगार माझाच कापतील."